हुद्दे काढायचे तर घट्ट काय ठेवायचं आणि सैल काय सोडायचं?

आडसाली

ठिबक बसवणं आणि त्याची देखभाल-दुरुस्ती, एवढंच काम करणारी आमची साठ माणसांची संस्था. पसारा पाच तालुक्यांत. उतरंड नेहमीचीच: तंत्रज्ञ, पर्यवेक्षक, तालुका व्यवस्थापक, मुख्य कार्यालय. सँड फिल्टरचा (वाळूच्या गाळणीचा) एक व्हॉल्व्ह बदलायचा तरी मंजुरी तीन पायऱ्या चढते आणि उतरते. तोवर शेतकऱ्याचं पाणी दोन दिवस बंद. म्हणून मधले दोन थर काढून तालुकावार गटांच्या हाती काम द्यायचा विचार चालू आहे.

'स्वयंसंघटित', 'केऑर्डिक' हे शब्द वाचून झाले. पण लिहिणारे बहुतेक दोन टोकांना असतात. एक म्हणतात, माणसांवर विश्वास टाका, सगळं आपोआप जमतं. दुसरे म्हणतात, साहेब उठला की सावळागोंधळ. मला नेमकं हे हवंय:

१. कोणते नियम दगडावरची रेघ असावेत आणि कोणत्या गोष्टी गटावर सोडाव्यात?
२. गट किती मोठा?
३. भांडण, कामचुकारपणा, पैसे यांचं काय?
४. हे प्रयोग कुठे फसले आणि का?

टाचणी

आधी शब्दाचं मूळ बघू, कारण निम्मी गफलत तिथेच होते. 'केऑर्डिक' हा शब्द डी हॉक यांनी केऑस (गोंधळ) आणि ऑर्डर (शिस्त) एकत्र करून घडवला. हॉक प्राध्यापक वगैरे नव्हते, सिएटलमधल्या एका बँकेत कार्डाचं काम बघत होते. बँक ऑफ अमेरिकानं १९५८ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात साठ हजार क्रेडिट कार्डं न मागता लोकांच्या घरी धाडली. १९६६ पासून इतर बँकांना परवाने वाटले, आणि १९६८ पर्यंत त्या धंद्याचा पार चुथडा झाला. दुकानदारानं आपल्या बँकेला फोन करायचा, त्या बँकेनं गिऱ्हाइकाच्या बँकेला. ती बंद असेल तर सगळे ताटकळत. पावत्या कागदी, टपालानं फिरणाऱ्या. फसवणूक वेगळीच.

यातून हॉक यांच्या पुढाकारानं १९७० साली नवी संस्था उभी राहिली. मालकी सदस्य बँकांची, पण तो हक्क बाजारात विकता येत नव्हता. १९७६ मध्ये तिचं नाव व्हिसा झालं. आता घट्ट काय होतं ते बघा: कार्डावरचे ओळखीचे पट्टे, 'कुठल्याही सदस्य बँकेचं कार्ड दुकानदारानं घेतलंच पाहिजे' हा नियम, आणि बँकाबँकांमधल्या हिशेबाची एकच पद्धत. १९७३ मध्ये मंजुरीचं काम संगणकावर गेलं, तेही सगळ्यांसाठी एकच. बाकी सगळं सैल. व्याज किती, फी किती, कार्ड कोणाला द्यायचं, जाहिरात कशी करायची, हे ज्या त्या बँकेनं ठरवायचं. एकमेकींचं गिऱ्हाईक पळवणाऱ्या या बँका हिशेबाच्या टेबलावर मात्र एका भाषेत बोलत.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: दोन गट जिथे एकमेकांना भिडतात तिथे घट्ट, गटाच्या पोटात सैल. उलटं करणारे बुडतात. हजेरी किती वाजता, टोपी कोणती, यावर काटेकोर आणि सुट्या भागांची नोंद मात्र ज्याची त्याची वही.

हॉक यांचा क्रमही लक्षात घ्या: उद्देश, तत्त्वं, सहभागी कोण, रचनेची कल्पना, मग लेखी घटना, आणि शेवटी कार्यपद्धती. आपल्याकडे सुरुवातच फळ्यावर वर्तुळं काढण्यापासून होते. तुमचा उद्देश एका ओळीत, मोजता येईल असा हवा: 'पाणी बंद पडल्यापासून २४ तासांत पुन्हा चालू.' 'तक्रार २४ तासांत बंद' असं लिहू नका. तसं लिहिलंत की तक्रारी कागदावर बंद होतील आणि शेत कोरडंच राहील.

वखर

व्हिसाइतकं लांब कशाला जायचं, मुंबईच्या डबेवाल्यांची रचना बघा. फक्त आधी तो सिक्स सिग्मा (जवळजवळ शून्य चुकांचा दर्जा) बाजूला ठेवा. तसलं प्रमाणपत्र त्यांना कोणी दिलेलं नाही. १९९८ च्या फोर्ब्समधल्या लेखावरून ती दंतकथा सुरू झाली. कौतुक करायचंच तर रचनेचं करा.

महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेलं हे काम. कोविडच्या आधी साधारण पाच हजार माणसं आणि दोन लाखांच्या आसपास डबे. यावर थर किती? तीनच. डबेवाला, मुकादम आणि निवडून आलेली समिती. गट वीस-पंचवीस जणांचा. गटाची कमाई गटात वाटली जाते, गिऱ्हाइकाशी दर गट ठरवतो, नवा माणूस गट घेतो. मुकादम पगारी साहेब नाही. तो अनुभवी डबेवालाच असतो आणि कोणी आजारी पडला की स्वतः पाटी उचलतो.

घट्ट काय, तर डब्याच्या झाकणावरची खूण. नेहमी दिलं जाणारं उदाहरण घ्या. 'व्हीएलपी' म्हणजे विलेपार्ले, जिथून डबा निघतो ते ठिकाण. त्याच्या शेजारचं 'ई' म्हणजे तिथली गल्ली. मधोमध मोठा '३' म्हणजे कुठल्या भागात उतरवायचा. मग '९ ईएक्स १२': तिकडे तो पोचवणारा नऊ नंबरचा माणूस, एक्स्प्रेस टॉवर्स, बारावा मजला. गिऱ्हाइकाचं नाव नाही, पत्ता नाही. कारण डबा वाटेत तीन-चार हातांतून जातो आणि प्रत्येकाला फक्त *पुढचं पाऊल* कळायला हवं. वर्गवारी करणाऱ्यानं मधला आकडा बघायचा, बाकी वाचायचंच नाही. मधल्या स्टेशनवर गाडी जेमतेम वीस ते चाळीस सेकंद थांबते, तेवढ्यात मोठी खूणच वाचून होते.

दुसरी गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे फाजील माणसं. प्रत्येक गटात दोन-तीन जण जादा असतात. ते बसून खात नाहीत. सायकल पंक्चर झाली, कोणी आलं नाही, एखाद्या इमारतीची लिफ्ट बंद पडली, की तिथे धावतात. खर्च वाचवायला हे जादाचे काढलेत की स्वयंसंघटन संपलं. मग प्रत्येक अडचण वर जाते, कारण खाली ती झेलायला हातच मोकळा नसतो.

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकाला लागू असलेली शिस्त. डबा वेळेवर तयार नसला तर डबेवाला उभा राहत नाही. वारंवार तसं झालं तर ते गिऱ्हाईक सोडतात. एका घरी पाच मिनिटं थांबलं की पुढचे तीस डबे गाडी चुकवतात. तुमच्याकडेही 'पंपाची किल्ली शेजारगावी मामाकडे आहे' असले शेतकरी असणारच. त्यांच्यासाठी नियम आधीच लिहून ठेवा.

आणि दुखरी जागा: हे सगळं लोकलवर उभं आहे. २०२० मध्ये लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली तेव्हा एकही गट स्वतःच्या हुशारीनं काम चालू ठेवू शकला नाही. जो एक धागा सगळ्यांना जोडतो तो तुटला तर काय, हे आधीच ठरवून ठेवा. तुमच्याकडे तो धागा बहुधा मध्यवर्ती गोदाम असेल.

तुमच्यासाठी तशीच खूण सुचवतो. फिल्टरजवळच्या पाइपवर ऑइलपेंटनं, तळहाताएवढी: सि ४ · सँ · १६ · ५. सिन्नर, चौथा रूट, सँड फिल्टर, १६ एमएम लॅटरल (ठिबकची नळी), ५ एचपी पंप. शेतकऱ्यानं फोनवर एवढं वाचून दाखवलं की कुठल्याही गटाचा कोणीही माणूस योग्य ग्रोमेट, जॉइनर आणि एंड कॅप पिशवीत घालून निघेल. फेरी वाचते ती इथे.

आडसाली

खूण उद्याच रंगवता येईल, झकास. पण भांडणाचं काय? डबेवाले बहुतेक एकाच पट्ट्यातले, मावळ-जुन्नर-आंबेगाव-खेडकडचे, एकमेकांचे नातेवाईक. तिथे समजूत घालायला गाव आहे. इथे साठ जण साठ ठिकाणचे. साहेब नाही म्हटल्यावर तक्रार कोणाकडे न्यायची?

बुक्का

यावर वारीत एक व्यवस्था आहे, ती बारकाईनं बघण्यासारखी आहे.

माउलींच्या पालखीत रथापुढे २७ दिंड्या आणि रथामागे त्याहून कितीतरी जास्त. क्रम ठरलेला, तो मोडत नाही. दिंडीच्या आतही ठरलेलं: पुढे पताका, मग चार-चारच्या ओळीत टाळकरी, त्यांच्यात मृदंग, मागे विणेकरी, मग तुळस आणि हंडा डोक्यावर घेतलेल्या बायका. कोणत्या वेळी कोणत्या प्रकारचे अभंग हेही ठरलेलं. पण त्यातला नेमका कोणता अभंग, कोणत्या चालीत, किती वेळ, हे दिंडीचं दिंडी बघते. राहणं, जेवण, पैसे हेही ज्या त्या दिंडीचं. लाखो माणसं चालतात आणि दिंडीच्या पोटात बाहेरून कोणी हुकूम देत नाही.

आता तक्रार. मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी समाजआरती असते. पालखीभोवती दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंच करून 'होऽऽ' म्हणतात आणि एका क्षणात सगळा तळ गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तीच तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात. काय झालं? वाटेत टँकर मिळाला नाही, मागची दिंडी पुढे घुसली, उतरायची जागा दुसऱ्यानं धरली. ऐकून घेतात, सोहळ्याच्या मालकांपुढे ठेवतात, तिथल्या तिथे निवाडा. टाळ थांबले की मग हरवलं-सापडलं सांगतात, उद्या किती वाजता निघायचं ते पुकारतात आणि आरती होते.

यातलं उचलण्यासारखं: तक्रारीला *वेळ* ठरलेली आहे, *जागा* ठरलेली आहे, आणि ती सगळ्यांदेखत होते. कानात सांगायची सोय नाही. तक्रार नसेल तर गप्प राहायचं, म्हणजे कोणाला भाषण करावं लागत नाही. आणि निवाड्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही. हे शेवटचं कलम काढलंत तर उरते ती सूचनापेटी.

तुमच्याकडे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्धा तास. पाच गटांचा एकेक जण. पहिला प्रश्न एकच: कोणाचा टाळ वाजतोय? कोणाचाच नसेल तर पाच मिनिटांत उठा.

मोठ्या निर्णयांसाठी गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची रीतही बघा. तिथे ग्रामसभा सर्वसहमतीनं ठरवते, मतदान नाही. पण ग्रामसभेआधी अभ्यास गट बसतो. तो माहिती काढतो, बाहेरचा जाणकार बोलावतो, उलटसुलट बोलतो, आणि निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेतच. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवणारं गाव आहे ते, तेव्हा ही रीत हौसेमौजेची नाही. अभ्यास आणि निर्णय एकाच बैठकीत कोंबले की जो जास्त बोलतो तो जिंकतो.

रोखठोक

गोडगोड चाललंय, म्हणून चौथ्या प्रश्नाकडे वळतो. फसतात कुठे?

अमेरिकेतल्या झॅपॉस या ऑनलाइन बूट विकणाऱ्या कंपनीनं २०१३ मध्ये होलॅक्रसी, म्हणजे साहेबांऐवजी लेखी नियमांनी बांधलेल्या गटांनी काम चालवायची पद्धत, आणायचं जाहीर केलं. २०१५ मध्ये सांगितलं, पटत नसेल तर पैसे घ्या आणि जा. दीड हजारांतले सुमारे १४ टक्के गेले. मीडियम या लेखनाच्या संकेतस्थळानं तीच पद्धत २०१६ मध्ये सोडून दिली. मोठ्या कामात अनेक गटांना एका दिशेला वळवताना वेळ फार जातो आणि नोंदींचा पसारा वाढतो, ही त्यांची अडचण. कारण ढोबळमानानं एकच: हुद्दे काढले, पण त्यांच्या जागी इतके नियम आणि इतक्या बैठका आल्या की साहेब परवडला.

दुसरी फसगत उलट्या बाजूची. नियमच लिहिले नाहीत. मग सत्ता जात नाही, फक्त दिसेनाशी होते. जुना पर्यवेक्षक खुर्ची नसूनही चहाच्या टपरीवर कामं वाटतो. तुमच्याकडे हे हमखास होणार. मधल्या थरातल्या लोकांचा पगार तोच ठेवा, पण त्यांना त्यांच्या जुन्या तालुक्यात ठेवू नका. दुसऱ्या तालुक्याच्या गटात तंत्रज्ञ म्हणून द्या. दोघांना मार्गदर्शक करा, पण मंजुरीचा एकही अधिकार त्यांच्या हाती नको. नेदरलँड्समधल्या ब्यूर्टझोर्ग या घरपोच परिचारिका-सेवेत असंच आहे. २००६-०७ च्या सुमारास चार जणांनी सुरुवात केली, पुढे हजारो परिचारिका झाल्या. गट जास्तीत जास्त बारा जणांचा. तेरावी आली की गट फुटतो. मार्गदर्शक एकेक जण चाळीस-पन्नास गटांना असतो, आणि त्याला निर्णयाचा अधिकार नाही. चाळीस गट असल्यामुळे तो कोणाच्या डोक्यावर बसूच शकत नाही. हे गणित मुद्दाम आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, आणि २०१३ च्या कायद्यानुसार तिची अध्यक्ष वरिष्ठ स्तरावर काम करणारी महिला असावी लागते. पीएफ, जीएसटी, चेकवरची सही यांनाही नाव लागतं. 'आमच्यात कोणी वरिष्ठ नाही' हे निरीक्षकापुढे चालत नाही. ही पदं उघडपणे ठेवा आणि त्यांचा अधिकार तेवढ्यापुरताच असं लिहून टाका.

कामचुकारपणाबद्दल: गटानं गटातल्याला काढायचं ही कल्पना ऐकायला बरी वाटते, पण गट सहसा काढत नाही, सोसतो. कॅलिफोर्नियातल्या मॉर्निंग स्टार या टोमॅटो-प्रक्रिया कंपनीच्या पायऱ्या ठीक आहेत. आधी दोघांनी समोरासमोर बोलायचं. मिटलं नाही तर दोघांना चालेल असा तिसरा. मग सहकाऱ्यांचं छोटं मंडळ. तरीही नाही तर अध्यक्ष, आणि त्यांचा शब्द शेवटचा. प्रत्येक पायरीला तुम्ही दिवस घाला: ३, ७, १०. मुदत नसलेली पायरी म्हणजे जिना नव्हे, ओटा.

आडसाली

जुन्या तालुक्यात ठेवू नका, हे डोक्यात नव्हतं. पैशांची मर्यादा कशी ठरवायची?

टाचणी

गोर-टेक्स कापड बनवणाऱ्या गोर कंपनीची पाणरेषेची कसोटी वापरा. जहाजाला पाणरेषेच्या वर भोक पडलं तर बुजवता येतं, खाली पडलं तर जहाज बुडतं. खर्च किती यापेक्षा 'चुकलं तर निस्तरता येईल का' हे विचारायचं. तुमच्या कामासाठी असं:

*एकट्या तंत्रज्ञानं, न विचारता:* जोडणीचे भाग, गेज (दाबमापक), व्हॉल्व्ह, फिल्टरची जाळी. एका भेटीला ३,००० रुपयांपर्यंत. नोंद त्याच दिवशी, खुणेसकट.

*गटातल्या दोघांना विचारून:* फिल्टर बदलणं, सबमेनचा (उपमुख्य पाइपचा) तुकडा नव्यानं टाकणं, २५,००० पर्यंत. विचारायचं म्हणजे परवानगी मागायची नाही. सल्ला ऐकायचा, निर्णय ज्याचा काम त्याचा, आणि दोघांची नावं नोंदीत.

*पाचही गटांपुढे:* नवा पुरवठादार, उधारीची पद्धत, हमीचा कालावधी, माणूस घेणं किंवा काढणं.

*कोणालाच सूट नाही:* आम्लप्रक्रिया (नळ्यांतले क्षार आम्लानं काढणं) करताना पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीच नाही. चष्मा, हातमोजे. फिल्टरच्या दोन्ही गेजमधला फरक ०.५ किलोच्या वर गेला की बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं). रोख रक्कम स्वतःच्या खिशात रात्रभर नाही. ही यादी सात-आठ ओळींच्या पुढे जाऊ देऊ नका. विसावा नियम आला की पहिलाही पाळला जात नाही.

आकडे तुमच्या दरांप्रमाणे बदला. एक खूण सांगतो: महिन्यात दहापेक्षा जास्त वेळा वरच्या पायरीवर जावं लागलं तर मर्यादा फार खाली आहे. तीन महिन्यांत एकदाही जावं लागलं नाही तर कोणीतरी लपवतंय.

माणसांचा हिशेब: पाच गट, प्रत्येकी नऊ, त्यातला एक कायम मोकळा, वखर म्हणतात तो फाजील माणूस. झाले ४५. गोदाम आणि हिशेब आठ, फोनवर तीन, मार्गदर्शक दोन. उरलेले दोन नवीन बसवणीचे आराखडे करणारे, ते गटात नकोत. त्यांचं काम तक्रारीच्या धावपळीत अडकलं की आराखडा घाईत होतो, आणि पुढच्या वर्षीच्या तक्रारी तिथेच पेरल्या जातात.

वखर

यासाठी मराठीत अख्खा एक शब्द आहे आणि आपण केऑर्डिक म्हणत बसलोय. वाफसा. मातीच्या पोकळीत निम्मं पाणी, निम्मी हवा. पाणी जास्त झालं की मुळं गुदमरतात, हवा जास्त झाली की सुकतात. ठिबकवाल्यांना तरी हे सांगायला नको.

आणि वाफशासारखंच, तो रोज हाताने बघावा लागतो. मुठीत माती दाबायची, गोळा झाला आणि बोटानं फुटला तर बरोबर. तुमची 'मूठ' म्हणजे आठवड्याचे तीन आकडे, गोदामाच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसतील असे: पाणी बंदचे सरासरी तास, त्याच शेतावर १५ दिवसांत दुसरी फेरी किती वेळा, आणि दुसऱ्या गटाला मदत किती वेळा. तिसरा आकडा शून्यावर आला की समजा, गट आपापली संस्थानं झाली आहेत.

रोखठोक

पाचही तालुके एकदम करू नका. दोन घ्या, एक बरा चाललेला, एक रडतखडत चाललेला. फक्त चांगला घेतलात तर 'तिथे माणसंच चांगली होती' म्हणून बाकीचे हात झटकतील. आणि उन्हाळ्यात हात घालू नका. फेब्रुवारी ते मे तक्रारींचा कळस असतो. जूननंतर करा.

आडसाली

जुलै-ऑगस्टात आडसाली लागण, उसाच्या दोन तालुक्यांत नवीन बसवणीची झुंबड. ऑक्टोबरला द्राक्षाची छाटणी, आणखी एक तालुका अडकला. उरतात दोन, कांदा आणि भाजीपाल्याचे. त्यातला एक तंतोतंत रडतखडत. तिथेच सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तोवर खुणा रंगवून घेतो. ऑइलपेंट उन्हात किती टिकतो?

वखर

पीव्हीसीवर थेट लावला तर एका उन्हाळ्यात पापुद्रे निघतात. आधी पॉलिश पेपरनं खरवडा, प्राइमरचा एक हात द्या, आणि पाइपच्या उत्तरेकडच्या बाजूला लिहा.